चालू जावा ॲपमधला कनेक्शन पूल: आकड्याला हात लावण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कनेक्शन पूल म्हणजे ॲपने डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या आणि आळीपाळीने वापरायच्या कनेक्शनांचा साठा. लॉगमध्ये 'कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३००००एमएस' ही ओळ दिसली की बहुतेक टीममध्ये पुढची दहा मिनिटं कशी जाणार हे ठरलेलं असतं. कोणीतरी कॉन्फिग उघडतं, पूल १० चा ५० करतं, ॲपचे सगळे इन्स्टन्स (चालू प्रती) रिस्टार्ट होतात. अर्धा तास बरा जातो आणि तीच ओळ परत येते.

हे मी स्वतः केलं आहे. एका फी भरण्याच्या पोर्टलवर, शेवटच्या तारखेच्या दिवशी. सहा इन्स्टन्स होते, प्रत्येकी पूल १०. तो मी ४० केला आणि सगळे एकदम रिस्टार्ट केले. डेटाबेस पोस्टग्रेस, 'मॅक्स_कनेक्शन्स' मूळचंच, म्हणजे १००. त्यातल्या ३ जागा सुपरयुजरसाठी राखीव, १० त्याच सर्व्हरवरच्या ॲडमिन ॲपने धरलेल्या. उरल्या ८७. पहिल्या दोन इन्स्टन्सनी ८० घेतल्या, तिसऱ्याला ७ मिळाल्या, चौथा, पाचवा आणि सहावा उभेच राहिले नाहीत. पुढे ॲडमिन ॲपची कनेक्शनं अर्ध्या तासाने वय झालं म्हणून बंद होऊ लागली. रिकामी झालेली प्रत्येक जागा आमचा तिसरा इन्स्टन्स उचलत गेला आणि धडधाकट असलेलं ॲडमिन ॲपही बंद पडलं. मूळ दोष पूलच्या आकारात नव्हताच. तो कुठे होता ते तिसऱ्या टप्प्यात सांगतो.

पुढचं सगळं स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), हिकारीसीपी (पूल सांभाळणारी लायब्ररी, पुढे नुसती 'हिकारी') आणि पोस्टग्रेस या तिघांना धरून लिहिलं आहे. मायएसक्यूएलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १ : शांत दिवशी करायची तयारी

अडचण आल्यावर माहिती गोळा करायला बसलात तर उशीर झालेला असतो. म्हणून हे काम आधीच करून ठेवा.

हिशेबाचा तक्ता. एका साध्या शीटमध्ये लिहा: किती इन्स्टन्स, प्रत्येकाचा पूल किती, एकाच ॲपमध्ये दोन डेटासोर्स असतील तर दोन्हींचे पूल, रात्रीचे बॅच जॉब, रिपोर्टिंगचं टूल, मॉनिटरिंगचा एजंट, आणि टीममधल्या मंडळींच्या लॅपटॉपवर दिवसभर उघडे असलेले डीबीव्हर किंवा पीजीॲडमिन (डेटाबेस बघायची टूल). या शेवटच्या रकान्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. आठ जणांनी प्रत्येकी तीन टॅब उघडे ठेवले तर २४ कनेक्शनं तिथेच गेली.

बेरजेसमोर डेटाबेसची मर्यादा लिहा. पोस्टग्रेसमध्ये ती मुळात १०० असते, मायएसक्यूएलमध्ये १५१. क्लाउडवरच्या तयार डेटाबेसमध्ये ती मशीनच्या मेमरीवरून ठरलेली असू शकते, म्हणून अंदाज करू नका, 'शो मॅक्स_कनेक्शन्स' चालवून बघा.

पूलला नाव. 'हिकारीपूल-१' या नावाने लॉगमध्ये काहीच कळत नाही. 'पूल-नेम' सेट करा. शिवाय जेडीबीसी यूआरएलमध्ये (ॲप डेटाबेसला जोडताना वापरतं त्या पत्त्यात) 'ॲप्लिकेशननेम' हा पॅरामीटर द्या आणि त्यात इन्स्टन्सचं नाव येऊ द्या. डेटाबेसच्या बाजूने बघताना कोणतं कनेक्शन कोणाचं हे कळण्याची हीच एक सोपी वाट आहे.

मोजमाप चालू करा. ॲक्च्युएटर आणि मायक्रोमीटर (स्प्रिंग बूटसोबतची मोजमापाची साधनं) असतील तर 'हिकारीसीपी.कनेक्शन्स' या नावाखाली आकडे आपोआप मिळतात. त्यातले पाच रोज डोळ्यांसमोर हवेत: ॲक्टिव्ह (वापरातली कनेक्शनं), आयडल (रिकामी), पेंडिंग (कनेक्शनची वाट बघणारे), अक्वायर आणि यूसेज. 'अक्वायर' म्हणजे कनेक्शन मिळायला लागलेला वेळ, 'यूसेज' म्हणजे मिळाल्यावर ते किती वेळ धरून ठेवलं तो. या दोघांची गल्लत फार होते. पूलचं दुखणं बहुतेक वेळा यूसेजमध्ये असतं, अक्वायरमध्ये ते फक्त दिसतं.

जेएमएक्सचं, म्हणजे चालू जावा ॲप बाहेरून बघण्याचं आणि बदलण्याचं, दार उघडं ठेवा. 'रजिस्टर-एमबीन्स' ट्रू करा. ही सेटिंग ॲप सुरू होतानाच वाचली जाते. आज ती बंद असेल तर चालू ॲपमध्ये रिस्टार्टशिवाय बदल करण्याचा सरळ मार्ग ऐन वेळी तुमच्याकडे नसेल.

> तपासा: तक्त्यातली बेरीज डेटाबेसच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत आहे का? नसेल तर पुढे जाण्याआधी हेच सोडवा. डिप्लॉयच्या वेळी जुने आणि नवे इन्स्टन्स काही मिनिटं एकत्र चालतात, त्यांनाही जागा लागते.

## टप्पा २ : रिस्टार्टच्या आधी पुरावा घ्या

रिस्टार्टने पूल रिकामा होतो आणि त्याबरोबर कारणही पुसलं जातं. सगळे ओरडत असले तरी दोन मिनिटं घ्या आणि या तीन गोष्टी याच क्रमाने गोळा करा.

१. थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याची यादी), दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन. 'जेस्टॅक' चालेल, 'जेसीएमडी'चं 'थ्रेड.प्रिंट'ही चालेल. एकच डंप घेणं ही नेहमीची चूक. एका डंपमध्ये थ्रेड कुठे उभा आहे ते दिसतं, पण तो अडकलाय की नुसता तिथून जातोय हे तिन्ही शेजारी ठेवल्यावरच कळतं.

२. पोस्टग्रेसमधून 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी', म्हणजे चालू कनेक्शनांची यादी. ॲप्लिकेशन_नेम, स्टेट, स्टेट_चेंज, वेट_इव्हेंट_टाइप, वेट_इव्हेंट आणि क्वेरी एवढे कॉलम काढा, स्टेट_चेंज जुन्यापासून लावा. मायएसक्यूएलमध्ये 'शो फुल प्रोसेसलिस्ट'.

३. पूलचे आकडे. हिकारीच्या नव्या आवृत्त्यांत टाइमआउटच्या ओळीतच टोटल, ॲक्टिव्ह, आयडल आणि वेटिंग लिहून येतं. ती ओळ पूर्ण कॉपी करा, अर्धी नको.

आता तिन्ही शेजारी ठेवा.

पूल पूर्ण ॲक्टिव्ह आहे आणि डेटाबेस म्हणतोय 'आयडल इन ट्रान्झॅक्शन': तुमच्या ॲपने ट्रान्झॅक्शन उघडलंय आणि ते दुसरंच काहीतरी करत बसलंय. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त प्रकरणं इथली.

पूल पूर्ण ॲक्टिव्ह, डेटाबेसमध्येही 'ॲक्टिव्ह': क्वेरी हळू आहेत किंवा लॉकवर थांबल्या आहेत. वेट_इव्हेंट_टाइपमध्ये 'लॉक' दिसतंय का बघा. इथे पूल वाढवलात तर त्याच लॉकमागची रांग लांबते, एवढंच.

पूल म्हणतोय ॲक्टिव्ह, डेटाबेस म्हणतोय नुसतं 'आयडल', आणि स्टेट_चेंज वीस मिनिटांपूर्वीचं: कनेक्शन घेऊन कोणीतरी परत द्यायला विसरलंय. ही खरी गळती.

टोटलच मॅक्सपेक्षा कमी आणि तरी वेटिंग वाढतंय: पूलला नवं कनेक्शन उघडताच येत नाहीये. डेटाबेसची मर्यादा संपली असेल ('सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'), पासवर्ड बदलला असेल किंवा नेटवर्क तुटलं असेल. या वेळी पूलच्या आकाराचा काही संबंधच नसतो.

> सावधान: लॉगमध्ये 'थ्रेड स्टार्व्हेशन ऑर क्लॉक लीप डिटेक्टेड' अशी हिकारीची ओळ दिसली तर पूल सोडा आणि जेव्हीएमकडे वळा. लांबलेला गार्बेज कलेक्शनचा थांबा किंवा सीपीयू न मिळालेला कंटेनर, दोन्हींमुळे ही ओळ येते.

## टप्पा ३ : कनेक्शन कोण धरून बसलंय ते शोधा

हिकारीतलं 'लीक-डिटेक्शन-थ्रेशोल्ड' मुळात बंद असतं. ते २०००० मिलिसेकंद ठेवा. २००० पेक्षा कमी आकडा हिकारी मानत नाही. जेएमएक्समधून हा आकडा चालू ॲपमध्येही बदलता येतो. पूलचा हाउसकीपर थ्रेड दर ३० सेकंदांनी तो वाचतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटात लागू होतो. ठरलेल्या वेळेत कनेक्शन परत आलं नाही की ते जिथे घेतलं त्या ओळीचा पूर्ण स्टॅक ट्रेस लॉगमध्ये पडतो.

पण 'ॲपरंट कनेक्शन लीक डिटेक्टेड' हा इशारा म्हणजे गळतीच असं नाही. २० सेकंदांच्या वर धरलेलं प्रत्येक कनेक्शन त्यात येतं. थोड्या वेळाने त्याच कनेक्शनबद्दल 'अनलीक्ड' अशी ओळ आली तर ते उशिरा का होईना परत आलंय: तो संथ कारभार. 'अनलीक्ड' कधीच आली नाही तर ती गळती. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आधी या जोड्या लावा.

आता फीच्या पोर्टलमध्ये काय सापडलं ते. पैसे भरल्यानंतर चालणारी एक सर्व्हिस मेथड होती, डोक्यावर '@ट्रान्झॅक्शनल'. आत चार कामं: पेमेंटची नोंद अपडेट करणं, पावती क्रमांक तयार करणं, पावतीची पीडीएफ बनवणं आणि विद्यार्थ्याला एसएमएस पाठवणं. पहिली दोन डेटाबेसची, मिळून १५ मिलिसेकंदांची. पीडीएफला अर्धा सेकंद. एसएमएस गेटवे एरवी ३०० मिलिसेकंदांत उत्तर द्यायचा, त्या दिवशी ८ सेकंद घेत होता. ट्रान्झॅक्शन मेथडच्या पहिल्या ओळीला उघडायचं आणि शेवटच्या ओळीनंतर बंद व्हायचं. म्हणजे १५ मिलिसेकंदांच्या कामासाठी कनेक्शन साडेआठ सेकंद अडकत होतं. थ्रेड डंपमध्ये दहाच्या दहा थ्रेड सॉकेटवरून वाचण्याच्या एकाच ओळीवर उभे होते, आणि तो सॉकेट डेटाबेसचा नव्हताच, एसएमएसवाल्यांचा होता. पुरावा आधी घेतला असता तर ही गोष्ट पाच मिनिटांत दिसली असती.

दुरुस्ती अशी: ट्रान्झॅक्शनमध्ये फक्त पहिली दोन कामं ठेवली. पीडीएफ आणि एसएमएस कमिटनंतर, वेगळ्या थ्रेड पूलवर. त्यासाठी '@ट्रान्झॅक्शनलइव्हेंटलिसनर' वापरला.

> सावधान: हा लिसनर 'आफ्टर_कमिट'ला चालतो, पण त्याच थ्रेडवर, आणि तेव्हा कनेक्शन अजून पूलमध्ये परत गेलेलं नसतं. सोबत '@एसिंक' (काम वेगळ्या थ्रेडवर टाकणारं) लावलं नाही तर बाहेरच्या कॉलभर कनेक्शन पुन्हा धरलेलंच राहतं आणि दुरुस्ती करूनही आलेखात फरक दिसत नाही.

कोड वाचताना नेमक्या या जागा तपासा:

- ट्रान्झॅक्शनच्या आत एचटीटीपी कॉल, ईमेल, फाइल अपलोड, 'थ्रेड.स्लीप' लावलेला रीट्राय. रीट्राय तर हमखास सापडतो.
- 'स्प्रिंग.जेपीए.ओपन-इन-व्ह्यू'. हे मुळात चालू असतं. त्यामुळे पहिल्या क्वेरीला घेतलेलं कनेक्शन संपूर्ण रिक्वेस्ट संपेपर्यंत, जेसन तयार होऊन जाईपर्यंत सुटत नाही. मोठ्या ॲपमध्ये एकदम बंद केलंत तर 'लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन'चा पाऊस पडेल. टेस्ट वातावरणात बंद करा, जे तुटेल ते फेच जॉइन किंवा डीटीओने दुरुस्त करा, मगच प्रॉडक्शनमध्ये न्या.
- 'रिक्वायर्स_न्यू', म्हणजे चालू ट्रान्झॅक्शनच्या आत वेगळं नवं ट्रान्झॅक्शन. बाहेरचं ट्रान्झॅक्शन आपलं कनेक्शन धरून थांबतं आणि आतलं दुसरं मागतं. पूल १० आणि अशा दहा रिक्वेस्ट एकदम आल्या तर दहाही जणांच्या हातात एकेक, आणि दहाही जण दुसऱ्याची वाट बघत. टाइमआउट होईपर्यंत कोणी हलत नाही.
- हाताने 'डेटासोर्स.गेटकनेक्शन' केलेला जुना कोड. 'ट्राय-विथ-रिसोर्सेस' नसेल तर अपवादाच्या वाटेवर 'क्लोज' होतंय का ते एकेक करून बघा.
- स्प्रिंग डेटामधून 'स्ट्रीम' परत करणाऱ्या मेथड. हा स्ट्रीम बंद करणं तुमचं काम आहे.

ऑडिटसाठी 'रिक्वायर्स_न्यू' वापरण्याची पद्धत फार पसरली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. ऑडिटची नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, किंवा बाहेरच्याचं कमिट झाल्यावर. एका रिक्वेस्टला एकाच वेळी दोन कनेक्शनं लागणं हे पूलच्या दृष्टीने कायमचं जोखमीचं आहे.

## टप्पा ४ : आता आकार ठरवा

धरून ठेवण्याचा वेळ कमी केल्यावरच हा टप्पा. आधी केलात तर चुकीच्या कोडसाठी पूल मापून घ्याल.

हिशेब एका गुणाकाराचा आहे: सेकंदाला डेटाबेस लागणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले कनेक्शन धरण्याचा सरासरी वेळ. एका इन्स्टन्सवर सेकंदाला १२० रिक्वेस्ट आणि प्रत्येकी ४० मिलिसेकंद असतील तर १२० × ०.०४ म्हणजे ४.८. सरासरी पाच कनेक्शनं गुंतलेली. गर्दीच्या चढ-उतारासाठी दुप्पट धरा, १० पुरतात. तोच वेळ ९०० मिलिसेकंद झाला तर १०८ लागतील. पूल दहापटीने वाढवायचा की वेळ खाली आणायचा, हे या दोन आकड्यांवरून ठरवा.

वरची हद्द डेटाबेस ठरवतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे सर्व्हरवरची एक वेगळी प्रोसेस. ८ कोअरच्या मशीनवर ३०० प्रोसेस एकदम कामाला लागल्या तर त्या एकमेकींच्या पायात येतात आणि प्रत्येक क्वेरी हळू होते. सुरुवातीच्या अंदाजासाठी कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या हे सूत्र वापरतात. ८ कोअर आणि १ डिस्क, म्हणजे १७ च्या आसपास. हा आकडा सगळ्या इन्स्टन्सचा मिळून आहे, एका पूलचा नव्हे. इथेच बहुतेक जण चुकतात. सूत्राला चिकटून राहायची गरज नाही, तिथून सुरुवात करा आणि लोड टेस्टने वर-खाली करा.

एका थ्रेडला एकाच वेळी दोन कनेक्शनं लागणं टाळताच येत नसेल तर कोंडी होऊ नये म्हणून किमान आकार असा: थ्रेडची संख्या × (एका थ्रेडला लागणारी कनेक्शनं − १) + १. टॉमकॅटचे (रिक्वेस्ट घेणाऱ्या वेब सर्व्हरचे) मुळातले २०० थ्रेड धरले तर तो २०१ येतो. एवढा पूल परवडणार नाही हे दिसतंच आहे, म्हणून मागच्या टप्प्यावर परत जा आणि ती गरजच काढून टाका.

'मिनिमम-आयडल' वेगळं देऊ नका. ते न दिल्यास मॅक्सिममएवढंच राहतं आणि पूलचा आकार स्थिर राहतो. कमी ठेवलंत तर गर्दी येण्याच्या नेमक्या क्षणी नवी कनेक्शनं उघडण्याचा खर्च पडतो.

लांब चालणाऱ्या रिपोर्टसाठी मात्र वेगळा, २ ते ३ कनेक्शनांचा पूल करा. महिनाअखेरीला अकाउंट्स विभागाने चार रिपोर्ट एकदम लावले म्हणून लॉगिन अडकावं हे कोणालाच नको असतं.

> तपासा: जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (हजारोंनी उघडता येणारे हलके थ्रेड) चालू केले आहेत का? पूर्वी २०० थ्रेडमुळे रांगेला आपोआप लगाम होता. तो गेला की हजारो रिक्वेस्ट पूलच्या दाराशी येऊन उभ्या राहू शकतात. अशा वेळी डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटेवर सेमाफोरने (एका वेळी ठरावीक थ्रेडनाच पुढे सोडणाऱ्या साधनाने) मर्यादा घाला.

## टप्पा ५ : वेळमर्यादा, आतून बाहेर

टाइमआउटचे आकडे सुटे-सुटे ठेवले की एकमेकांना काटतात. क्रम आतून बाहेर लावा: क्वेरीची मर्यादा सर्वांत लहान, त्याहून मोठी सॉकेटची, आणि संपूर्ण रिक्वेस्टची त्याहून मोठी.

क्वेरी. पोस्टग्रेसमध्ये 'स्टेटमेंट_टाइमआउट' ॲपच्या युजरला लावा, समजा १० सेकंद. सोबत 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' ३० सेकंद. दुसरी सेटिंग मुळात बंद असते. टप्पा ३ मधल्या चुका पुन्हा कोणी केल्या तर डेटाबेस स्वतःच ते सेशन तोडतो. मायग्रेशन चालवणारा युजर वेगळा ठेवा, नाहीतर मोठा इंडेक्स बनवताना १० सेकंदांनी तुटेल.

सॉकेट. 'सॉकेटटाइमआउट' मुळात ० असतो, म्हणजे अमर्याद. नेटवर्कमधून पॅकेट नाहीसे झाले तर थ्रेड कितीही वेळ वाचत बसू शकतो.

> सावधान: पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरमध्ये हा आकडा सेकंदांत असतो, मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये मिलिसेकंदांत. एका प्रोजेक्टचं कॉन्फिग उचलून दुसऱ्यात टाकलं आणि ३०० लिहिलं तर पोस्टग्रेसला ते ५ मिनिटं होतं आणि मायएसक्यूएलला पाव सेकंदाच्या जरा वर.

कनेक्शन मिळण्याची वाट. हिकारीत ही मुळात ३० सेकंद असते. वेब ॲपसाठी फार. वापरणारा तोवर दोनदा रिफ्रेश करून निघून गेलेला असतो, आणि त्या प्रत्येक रिफ्रेशने टॉमकॅटचा एकेक थ्रेड अडकवलेला असतो. ३ सेकंद ठेवा. लवकर नकार मिळाला तर बाकीची पानं, ज्यांना डेटाबेस लागत नाही ती तरी चालू राहतात.

कनेक्शनचं आयुष्य. 'मॅक्स-लाइफटाइम' मुळात ३० मिनिटं. मधल्या कोणत्याही गोष्टीची मर्यादा याहून कमी असता कामा नये. मायएसक्यूएलचा 'वेट_टाइमआउट' मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास, पण कित्येक ठिकाणी तो खाली आणलेला असतो. फायरवॉल आणि लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन न सांगता सोडून देतात: ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर मुळात ३५० सेकंदांनी, ॲझ्युअरचा ४ मिनिटांनी. सकाळी पहिल्या काही रिक्वेस्ट हमखास फसतात आणि मग सगळं सुरळीत चालतं, अशी तक्रार असेल तर कारण इथे शोधा. 'कीपअलाइव्ह-टाइम' २ मिनिटं ठेवलं की रिकामी कनेक्शनं जागी राहतात.

'कनेक्शन-टेस्ट-क्वेरी'मध्ये 'सिलेक्ट १' लिहू नका. जेडीबीसी ४ चा ड्रायव्हर असेल तर हिकारी 'इजव्हॅलिड' वापरतो आणि तेच हलकं पडतं.

आणि कुबरनेटीस (ॲपच्या प्रती 'पॉड' म्हणून चालवणारी यंत्रणा) असेल तर लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का याची तपासणी) कुठे लावलाय ते बघा. तो ॲक्च्युएटरच्या सरसकट 'हेल्थ'वर असेल तर त्यात डेटाबेसची तपासणीही येते, आणि ती त्याच भरलेल्या पूलमधून कनेक्शन मागते. पूल भरला की प्रोब फसतो, पॉड मारला जातो, त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, तेही मरतात. लाइव्हनेस वेगळ्या 'लाइव्हनेस' ग्रुपवर लावा. त्यात डेटाबेस नको.

## टप्पा ६ : ॲप चालू असताना बदल

जेकॉन्सोलमधून (जेएमएक्स बघायच्या टूलमधून) हिकारीचे दोन एमबीन (जेएमएक्सने बाहेर दाखवलेले भाग) दिसतात: एक कॉन्फिगचा, एक पूलचा. कॉन्फिगमधून पूलचा आकार, वेळमर्यादा, युजरनेम आणि पासवर्ड बदलता येतात. जेडीबीसी यूआरएल बदलत नाही. ती कोडमधून बदलायचा प्रयत्न केला तर पूल सील झाल्याचा अपवाद येतो.

आकार वाढवायचा असेल तर हा क्रम पाळा:

१. डेटाबेसवर या क्षणी किती जागा शिल्लक आहेत ते मोजा. तक्त्यावर विसंबू नका.
२. एकच इन्स्टन्स निवडा. तिथे 'मॅक्सिममपूलसाइझ' ५ ने वाढवा.
३. दहा मिनिटं पेंडिंग, यूसेज आणि डेटाबेसचा सीपीयू बघा. पेंडिंग उतरलं आणि यूसेज वाढला नाही, तर बदल उपयोगी. यूसेजही वाढला तर डेटाबेसच दमलाय, आकडा परत खाली आणा.
४. मग बाकीचे इन्स्टन्स, एकेक करून.
५. तोच आकडा कॉन्फिग फाइलमध्ये लिहून कमिट करा. जेएमएक्समधला बदल रिस्टार्टला पुसला जातो. पंधरा दिवसांनी साध्या डिप्लॉयनंतर जुनी अडचण परत येते आणि कोणालाच कारण आठवत नाही.

आकार कमी केल्यावर कनेक्शनं लगेच उतरत नाहीत. पूलच्या एमबीनवर 'सॉफ्टइव्हिक्टकनेक्शन्स' चालवा. रिकामी कनेक्शनं लगेच बंद होतात, वापरातली परत आल्यावर. चालू रिक्वेस्ट तुटत नाहीत. गर्दीच्या वेळी मात्र हे टाळा, सगळी कनेक्शनं एकदम नव्याने उघडावी लागतात.

पासवर्ड बदलतानाही हीच जोडी. डेटाबेसमध्ये नवा पासवर्ड, लगेच प्रत्येक इन्स्टन्सच्या कॉन्फिग एमबीनवर तोच, मग सॉफ्टइव्हिक्ट. उघडी असलेली कनेक्शनं जुन्या पासवर्डवर चालत राहतात, म्हणून दोन पायऱ्यांमध्ये काही मिनिटं गेली तरी चालतं. पण अर्धा तास घालवू नका. वय झालेली कनेक्शनं एकेक करून बंद होतात आणि त्यांच्या जागी नवी उघडताना जुना पासवर्ड वापरला जातो.

'सस्पेंडपूल' हे बटणही दिसेल. सुरुवातीलाच 'अलाऊ-पूल-सस्पेन्शन' दिलं नसेल तर ते चालणार नाही, आणि दिलं असेल तरी पूल थांबलेला असताना 'कनेक्शन-टाइमआउट' लागू होत नाही, मागणारे थ्रेड 'रिझ्यूम' होईपर्यंत थांबून राहतात. डेटाबेस फेलओव्हरची (बंद पडलेल्या डेटाबेसवरून राखीव डेटाबेसवर जाण्याची) सवय असलेल्या माणसानेच वापरावं.

> सावधान: डेटाबेसवर जाऊन 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' चालवण्याआधी ॲप्लिकेशन_नेम दोनदा वाचा. अडकलेलं सेशन तोडलं की त्याचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं. ते रात्रीच्या बॅच जॉबचं असेल तर चार तासांचं काम जातं.

## टप्पा ७ : डिप्लॉयच्या वेळी

रोलिंग डिप्लॉयमध्ये जुना पॉड जाण्याआधी नवा येतो. सहा पॉड आणि दोन जास्तीचे, म्हणजे आठ पूल. तक्त्यात हाच मोठा आकडा धरा. ऑटोस्केलिंग असेल तर कमाल पॉडचा.

जुना पॉड व्यवस्थित बंद होऊ द्या. 'सर्व्हर.शटडाउन' ग्रेसफुल ठेवा. स्प्रिंग बूट ३.४ पासून ते मुळातच तसं आहे, आधीच्या आवृत्त्यांत सांगावं लागतं. त्यासाठी मुळात ३० सेकंद मिळतात. कुबरनेटीसही मुळात ३० सेकंदांनीच पॉड मारतं, म्हणून तिकडची मुदत ४५ करा, नाहीतर दोघांची शर्यत लागते.

'किल -९' केलेल्या प्रोसेसचे सॉकेट ऑपरेटिंग सिस्टिम बंद करते, तरी पोस्टग्रेसमध्ये चालू असलेली क्वेरी बहुधा संपेपर्यंत चालत राहते आणि तिची जागा तोवर अडलेली असते. आख्खं मशीनच गेलं तर आणखी वाईट: लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी जागं होतं. पोस्टग्रेसमध्ये 'टीसीपी_कीपअलाइव्ह्ज_आयडल' ६० करून ठेवा.

पॉड इतके वाढले की प्रत्येकी पाच कनेक्शनंही बसेनात, तर मध्ये पीजीबाउन्सर (ॲप आणि पोस्टग्रेसमधला सामायिक पूल) घालावा लागतो. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन फक्त ट्रान्झॅक्शनपुरतं देणाऱ्या) १.२१ च्या आधीची आवृत्ती असेल तर यूआरएलमध्ये 'प्रिपेअरथ्रेशोल्ड' ० द्या. नाहीतर तीच क्वेरी पाचव्यांदा चालताना 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' सापडत नसल्याच्या चुका येऊ लागतात. टेस्टमध्ये एखाद-दोनदाच चालवून बघितलं तर त्या दिसतच नाहीत.

## टप्पा ८ : नंतरचे पंधरा दिवस

तीन अलार्म लावा. पेंडिंग सलग एक मिनिट शून्याच्या वर. यूसेजचा ९५ वा शतांश (शंभरातले ९५ वापर ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ) नेहमीच्या दुप्पट. डेटाबेसवरची एकूण कनेक्शनं मर्यादेच्या ८० टक्क्यांवर. 'ॲक्टिव्ह मॅक्सएवढं झालं' असा अलार्म लावू नका: पूल क्षणभर पूर्ण वापरला जाणं चांगलंच आहे, तो अलार्म दिवसातून वीसदा वाजेल आणि आठवड्याभरात टीम त्याकडे बघणं सोडेल.

लीक डिटेक्शन या काळात चालूच ठेवा. येणाऱ्या प्रत्येक स्टॅक ट्रेसमधली आपल्या पॅकेजची पहिली ओळ तक्त्याच्या दुसऱ्या पानावर लिहा, शेजारी किती वेळा आली तो आकडा. पोर्टलवरच्या त्या प्रसंगानंतर आम्ही हे केलं तेव्हा एसएमएसच्या खालोखाल नाव आलं ते परीक्षा हॉलतिकीट डाउनलोडचं. तिथेही फोटो फाइल सर्व्हरवरून आणण्याचं काम ट्रान्झॅक्शनच्या आत होतं. ते बाहेर काढल्यावर पूल परत १० वर आणला, आणि पुढच्या शेवटच्या तारखेला पेंडिंगची रेघ शून्यावरून हलली नाही.